सणाच्या आदल्या आठवड्यात सिंगापूर: सांगलीकरांसाठी तीन रात्रींच्या बेताचं परीक्षण

सिंगापूरची सहल म्हटलं की सांगली-मिरजेत जी पत्रकं हातात पडतात त्यांत सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ, नाइट सफारी आणि मरिना बे हे चार खांब ठरलेले असतात. नुसत्या तिकिटांत माणशी बारा-पंधरा हजार रुपये जातात आणि शहर दिसतं ते बसच्या काचेतून. हे परीक्षण त्या सहलीचं नाही. तीन रात्री, चार दिवस, एखाद्या सणाचा हंगाम, खाणं हॉकर सेंटर नावाच्या सरकारी खाऊगाळ्यांत आणि फिरणं मेट्रोने आणि पायी, एवढाच हा बेत आहे.

मत आधीच सांगून टाकतो. सण आणि खाणं या दोन गोष्टींसाठी सिंगापूरचे पैसे पुरेपूर वसूल होतात, पण दोन अटींवर. एक, सणाच्या दिवशी जायचं नाही, आदल्या आठवड्यात जायचं. दोन, जेवणाच्या वेळा तिथल्या पाळायच्या, सांगलीच्या नाही. बेत फसतो तो बहुतेक वेळा या दोनपैकी एका चुकीने.

कुठला सण धरायचा

आपल्या घरांना सगळ्यात सोयीचा हंगाम म्हणजे दसरा ते दिवाळी. दिवाळीत घर बंद करून जायला मन होत नाही आणि इथे ती गरजही पडत नाही, कारण लिटल इंडियात सेरंगून रोडवरची रोषणाई दिवाळीच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते. मिरजेला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ज्या स्वागत कमानी उभ्या राहतात त्या डोळ्यांसमोर आणा. तिथे प्रत्येक कमान वेगळ्या मंडळाची, वेगळ्या चित्राची आणि दुसरीपेक्षा उंच होण्याच्या ईर्ष्येची असते. सेरंगून रोडवर मात्र एकाच कल्पनेतल्या कमानींची रांग लागते: मोर, हत्ती, कमळ, पणत्या. खालून वाहनं चालूच असतात, त्यामुळे बघायचं ते फुटपाथवरून. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. दिवाळीच्या हंगामात तो सातच्या थोडा आधीच मावळतो, म्हणून फोटो हवे असतील तर सात ते सव्वासात ही वेळ साधा. आकाश निळं असतं आणि कमानीचे रंग जळून पांढरे येत नाहीत. त्यानंतर काळ्या आकाशावर मोबाइलचा कॅमेरा दिवे फाडून टाकतो.

रविवारची संध्याकाळ टाळा. तो बांधकाम कामगारांच्या सुट्टीचा दिवस असतो, भारत आणि बांगलादेशातले हजारो कामगार लिटल इंडियात भेटायला येतात आणि फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मंगळवार ते गुरुवार उत्तम. कॅम्पबेल लेनच्या आसपास सणाचा बाजार भरतो: हार, पणत्या, रांगोळीचे साचे, मुरुक्कू म्हणजे आपली चकली. दिवाळीआधीचा हरभट रोड ज्यांनी पाहिला आहे त्यांना मालात नवल वाटणार नाही, तिथे खरेदी करू नका. नवल आहे ते गर्दीचं. मुरुक्कूच्या दुकानात चिनी आजी नातवाला घेऊन भाव विचारत असते आणि शेजारी मलाय कुटुंब फुलं घेत असतं.

तिथली दिवाळी तमिळ पद्धतीची, म्हणजे नरक चतुर्दशीची. त्यामुळे काही वर्षी ती आपल्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी येते. २०२५ मध्ये तिथे २० ऑक्टोबर होती, आपलं लक्ष्मीपूजन २१ ला. २०२६ मध्ये दोन्ही ८ नोव्हेंबरलाच आहेत. तिकीट काढताना आपलं पंचांग न बघता सिंगापूरच्या सुट्ट्यांची यादी बघा.

याच हंगामात, दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी, चायनाटाउनच्या साउथ ब्रिज रोडवरच्या श्री मारिअम्मन देवळात तिमिती होते, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याचं व्रत. देऊळ १८२७ चं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. नवस बोललेले पुरुष सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळातून सुमारे चार किलोमीटर चालत येतात आणि द्रौपदीअम्मनच्या नावाने निखारे ओलांडतात. त्या रात्री देवळात शिरून बघायचं ठरवलं तर रांग फार मोठी असते. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मिरवणूक रस्त्यावर उभं राहून बघा. गाभा तिथेही कळतो. ही तारीख बेतात बसत असेल तर बाकी सगळं तिच्याभोवती लावा. आमच्या मते संपूर्ण हंगामात इतकं अस्सल दुसरं काही बघायला मिळत नाही.

चिनी नववर्ष हा दुसरा मोठा सण. २०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला आहे. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. नववर्षाच्या दिवशी पोहोचलं की जल्लोष दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस सार्वजनिक सुट्टी असते, चिनी कुटुंबं घरोघर जातात आणि हॉकर सेंटरमधले निम्म्याहून जास्त गाळे शटर ओढून बसतात. काही जण तर आठवडाभर उघडत नाहीत. रोषणाई दिसेल, पण जेवायला मॉल शोधावा लागेल. पाच ते आठ दिवस आधी जा. चायनाटाउनमध्ये पॅगोडा स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत संत्र्यांच्या कुंड्या, लाल पाकिटं, सुकामेवा, अननसाचे टार्ट, सगळं ओसंडून वाहत असतं आणि गाळेही चालू असतात. जिथे सगळ्यात लांब रांग दिसेल ती बहुधा बाक क्वा या भाजलेल्या गोड डुकराच्या मांसाची असते. ज्यांना चालत नाही त्यांनी रांगेला भुलू नये.

मध्य-शरद उत्सव, म्हणजे कंदिलांचा आणि मूनकेक नावाच्या मिठाईचा सण, चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमाच असते. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या अगदी अंगावर. २०२६ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, २५ सप्टेंबरला आहेत. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने तो ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीला आला होता. तसं वर्ष पुन्हा येईल तेव्हा जरूर जावं. एरवी ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांनी हा सण सोडून द्यावा. चिनी सातवा महिना साधारण आपल्या श्रावणात असतो आणि त्याचा अर्थ मात्र आपल्या पितृपक्षाचा: पूर्वजांसाठी रस्त्याकडेला नैवेद्य, कागदी नोटांची होळी आणि रात्री गेताई नावाचे गाण्याचे तंबू. त्या कार्यक्रमात पहिली रांग रिकामी ठेवलेली असते, ती मृतात्म्यांसाठी. तिथे बसू नये. जानेवारी-फेब्रुवारीतला थाईपुसम हा तमिळ लोकांचा सण बघण्यासारखा आहे, पण अंगात सळया टोचून कावडी नेणारे भक्त लहान मुलांना सोसत नाहीत.

हॉकर सेंटर

फेरीवाल्यांना रस्त्यावरून उचलून सरकारने बांधलेल्या छपराखाली गाळे दिले, नळ दिले, गटार दिलं, त्याचं नाव हॉकर सेंटर. अशी शंभराहून जास्त आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एसी नसतो, पंखे असतात, घाम येतो. मालकाच्या आयुष्यात बहुधा एकच पदार्थ असतो आणि तोच तो वर्षानुवर्षं करतो. गाळ्यावर दहा पदार्थांचे फोटो असतील तर पुढे चला. तीन असतील आणि समोर म्हातारी माणसं रांगेत असतील तर थांबा.

पद्धत अशी. आधी टेबल धरायचं, मग रांग. टेबल धरतात ते कागदी रुमालाचं छोटं पाकीट ठेवून. त्याला तिथे चोप म्हणतात आणि सगळे तो मान पाळतात. पाकीट ठेवलेल्या रिकाम्या टेबलावर बसणं म्हणजे एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल बाजूला करून बसण्यासारखं आहे. गाळ्यांवर हात पुसायला कागद देत नाहीत, त्यामुळे अशी चार-सहा पाकिटं सांगलीहूनच घेऊन जा, दोन्ही कामं होतात. रांगेत नंबर आला की आधी विचारतात ते इथे खाणार की पार्सल. पार्सलला ताबाओ म्हणतात आणि डब्याचे वीस-तीस सेंट वेगळे लागतात. पेयाचा गाळा वेगळा असतो, जेवणाच्या गाळ्यावर पाणी मागू नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली बरोबर ठेवा. जेवण झाल्यावर ट्रे आणि ताटली परत नेऊन ठेवावीच लागते. २०२१ पासून तसा नियम आहे, पहिल्यांदा ताकीद आणि नंतर दंड. परतीच्या मांडणीत हलालचे ट्रे आणि इतर ट्रे वेगळे ठेवायचे असतात, पाटी वाचा. हात धुवायला बेसिन असतं.

पैसे रोख ठेवा, दोन, पाच आणि दहा सिंगापूर डॉलरच्या नोटा. पन्नासची नोट सकाळी सातला कॉफीवाल्याला दिली तर तो चिडेल. पाटीवरचा भाव हाच शेवटचा भाव. रेस्टॉरंटमध्ये तसं नाही. तिथे मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर १० टक्के सेवा आकार आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी चढतो, २० डॉलरचा पदार्थ २४ ला पडतो. टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले रुमालही सीफूडच्या रेस्टॉरंटमध्ये बिलात येतात. नको असतील तर लगेच परत पाठवा.

आता वेळ, कारण सांगलीची माणसं इथेच उपाशी राहतात. नाश्त्याचे गाळे सकाळी सहा-सातला उघडतात आणि अकरापर्यंत माल संपवून बंद होतात. दुपारचे चांगले गाळे दोन-अडीचला संपतात. बारा ते दीड कचेऱ्यांची गर्दी असते, तेव्हा साडेअकराला बसा. रात्री साडेनऊला जेवायला बाहेर पडाल तर बऱ्याच ठिकाणी फक्त बिअरचे गाळे आणि धुतलेल्या फरश्या मिळतील. साडेसहा ते साडेसात हा जेवायचा वेळ धरा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने पोटाला ते दुपारचे चार वाटतात, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी कमी खा. शिवाय प्रत्येक गाळ्याची साप्ताहिक सुट्टी वेगळी आणि तीन-एक महिन्यांनी संपूर्ण सेंटर धुण्यासाठी बंद असतं. त्याचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं, निघण्यापूर्वी बघून घ्या.

आपल्या गाडीवरचं चायनीज विसरा

विश्रामबागेपासून मिरजेच्या स्टँडपर्यंत गाड्यांवर जे मिळतं ते मंचुरियन, शेजवान, ट्रिपल राइस हे सगळं भारतात घडलेलं चायनीज आहे. कॉर्नफ्लॉवरचा दाट रस्सा, लसूण-मिरचीचा भडिमार, वर कांद्याची पात. मंचुरियन तर १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी बनवलं. तो चांगला पदार्थ आहे, पण सिंगापुरात तो शोधू नका आणि त्या चवीची अपेक्षा ठेवून चिकन राइससमोर बसू नका, निराशा होईल. हैनानी चिकन राइस दिसायला रुग्णाचं जेवण: पांढरी उकडलेली कोंबडी, भात, काकडी. चव भातात आहे. तो कोंबडीच्या चरबीत, आलं-लसणात परतून त्याच कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. बरोबरची लाल मिरची-लिंबाची चटणी, किसलेलं आलं आणि काळा दाट सोया हे तिन्ही एका घासात घ्या. चटणी न लावता खाणाराच त्याला फिकं म्हणतो. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या टियान टियान या गाळ्याची रांग प्रसिद्ध आहे. आमच्या मते ती पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांब असेल तर उभं राहू नये, शहरात शेकडो ठिकाणी जवळजवळ तितकाच चांगला मिळतो. भाव चार ते सहा डॉलर.

चार क्वे तियाओ म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया, काळा गोड सोया आणि जबरदस्त आचेवर कढईचा धुरकट वास. हा वास दहा मिनिटांत उडतो. पार्सल करून हॉटेलवर नेलात तर हाती तेलकट गोळा उरतो. त्यात डुकराची चरबी, शिंपले आणि चिनी सॉसेज असतं. चालत नसेल तर हलाल पाटीच्या गाळ्यावरचा मागा, तिथे डुक्कर नसतं.

साते म्हणजे काडीला लावून शेगडीवर भाजलेलं मांस, ते रात्रीचं. लाउ पा साट ही १८९४ ची अष्टकोनी, बिडाच्या खांबांची मंडई. शेजारचा बून टाट स्ट्रीट संध्याकाळी सातला वाहनांना बंद होतो आणि शेगड्या रस्त्यावर येतात. कोंबडी, मटण, बीफ, कोळंबी अशा काड्या, साधारण डॉलरला एक, कमीत कमी दहा. ऑर्डर देताना बीफ नको हे मोजून सांगा, कारण ठरलेल्या संचात ते मिसळलेलं असतं. बरोबर येणारी शेंगदाण्याची पातळ चटणी आपल्या दाण्याच्या कुटावर वाढलेल्या जिभेला लगेच रुचते. भाव मोहल्ल्यातल्या सेंटरपेक्षा जास्त आणि चव थोडी कमी, पण उंच इमारतींच्या मधोमध धूर आणि गर्दी यासाठी एक संध्याकाळ द्यावी.

मिरची-खेकडा एकदा खायचाच असेल तर मेनूवर 'सीझनल' लिहिलेल्या भावाला हो म्हणू नका. किलोचा भाव आणि समोरच्या खेकड्याचं वजन दोन्ही विचारा. किलोला ऐंशी ते शंभर डॉलर लागू शकतात आणि एक खेकडा किलोच्या आसपास असतो. तो नावाइतका तिखट नसतो, गोडसर टोमॅटो-अंड्याचा रस्सा असतो. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तिथल्या कुठल्याच तिखटाची भीती नाही.

शाकाहारी माणसाने काय विचारावं

'नो मीट' एवढं सांगून चालत नाही. मासा, कोळंबी आणि अंडं त्यांच्या हिशेबात मीट नाही. परतलेल्या हिरव्या भाजीत ऑयस्टर सॉस असतो. सांबल कांगकोंग या तिखट पालेभाजीत बेलाचान म्हणजे कोळंबीचा वाळवलेला गोळा असतो. रोजाक या फळांच्या कोशिंबिरीवरही कोळंबीचीच काळी चटणी. लाक्सा म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या शेवया, त्यांत सुकी कोळंबी; नासी लमाक या नारळाच्या दुधातल्या भातावर सुके मासे. 'कॅरट केक' नावाच्या पदार्थात गाजर नसतंच. तो पांढरा मुळा आणि तांदळाच्या पिठाचा गोळा, अंड्यात परतलेला, बहुधा फिश सॉस टाकून. काया टोस्टमधला हिरवट-तपकिरी जाम नारळाचा असतो, पण त्यात अंडं असतं. मूनकेकच्या मध्यावर खारवलेल्या अंड्याचा बलक आणि जुन्या पद्धतीच्या सारणात डुकराची चरबी असू शकते.

उपाय सोपा आहे. चिनी बौद्ध शाकाहाराला सू (素) म्हणतात. त्या एका अक्षराचं चित्र मोबाइलमध्ये जतन करून ठेवा आणि पाटीवर ते असलेला गाळा शोधा. पूर्ण शाकाहारी गाळा असतो, एकाच कढईत सगळं करणारा नव्हे. बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने आपल्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्यांनाही हे जेवण चालतं. ताटात मांसासारखे दिसणारे तुकडे येतील. ते सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात. दिसण्याचीच किळस येणाऱ्यांनी भाज्या, टोफू आणि परतलेल्या बारीक शेवया, म्हणजे बी हून, बोट दाखवून घ्याव्यात. क्वचित अशा तुकड्यांत अंडं असतं, तेवढं 'नो एग' विचारा. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्येला आणि पौर्णिमेला, अनेक बौद्ध शाकाहार करतात. त्या दिवशी या गाळ्यांवर माल ताजा आणि रांग दुप्पट.

जागा म्हणून बुगिस मेट्रोजवळचं फू लू शो कॉम्प्लेक्स गाठा. असे शाकाहारी गाळे तिथे एकत्र आहेत. जेवल्यावर शेजारच्या वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान इमचं चिनी देऊळ आणि श्रीकृष्णाचं देऊळ जवळजवळ आहेत. चिनी भक्त क्वान इमला नमस्कार करून तसेच कृष्णाच्या दारात येऊन उदबत्ती लावतात. हे रोज चालतं, त्यासाठी सण लागत नाही.

चौथ्या जेवणाला डोसाच हवा असेल तर लाजू नका. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे. टेक्का सेंटरमध्ये डोसा आणि बिर्याणी स्वस्त आणि चांगली, पण त्याच मजल्यावर मासळी-मटणाचा बाजार आहे आणि वास जेवणापर्यंत येतो. कडक शाकाहाऱ्यांनी कोमला विलासच धरावं. रोटी प्राता म्हणजे पापुद्र्यांचा पराठा. अंड्याशिवाय हवा असेल तर 'प्राता कोसोंग' आणि रस्सा मागताना 'दाल' म्हणा, नाहीतर वाटीत माशाचा येतो.

हाच कोसोंग शब्द कॉफीलाही लागतो. नुसतं कोपी म्हटलं की आटवलेल्या गोड दुधाची दाट कॉफी येते. कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची, साखर घालून. कोपी-सी म्हणजे बिनगोड आटवलेलं दूध आणि साखर. साखर कमी हवी तर स्यू दाइ, अजिबात नको तर कोसोंग, बर्फ घालून हवी तर पेंग. चहाला 'ते' म्हणतात. आल्याच्या चहाला 'ते हालिया', आणि सकाळी सहा वाजता आपल्या माणसाला जाग आणणारं दुसरं काही तिथे नाही. दीड-दोन डॉलर.

गोडात तुतू क्वे चुकवू नका. तांदळाच्या पिठीच्या लहान वाफवलेल्या वड्या, आत ताडगुळात शिजवलेला नारळ किंवा दाण्याचा कूट. आवरण आपल्या उकडीसारखं मऊ नसतं, पिठी न मळता साच्यात दाबून वाफवतात म्हणून ते भुसभुशीत लागतं. समोर काढून देतील तेव्हाच खा, पाच मिनिटांत कोरडं पडतं. ओन्दे-ओन्दे हा दुसरा भाऊ: चिकट तांदळाच्या गोळीत पातळ गूळ. एका घासात तोंडात टाका, अर्धी चावली तर गूळ सदऱ्यावर.

राहणं, जाणं आणि पिशवी

राहायला लिटल इंडिया, फेरर पार्क किंवा लॅव्हेंडर. खोल्या आपल्या डोळ्यांना फार लहान, दोन बॅगा उघडल्या की जमीन संपते, पण रात्रीला १३० ते १८० डॉलरमध्ये मेट्रो पायाशी मिळते. काही स्वस्त खोल्यांना खिडकी नसते, बुकिंगच्या वेळी वाचा. मेट्रोत संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं. परदेशी कार्डावर वापरलेल्या प्रत्येक दिवसाला साठ सेंट जास्त कापतात, तीन-चार दिवसांसाठी ते परवडतं. डब्यात खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा. दंड पाचशे डॉलरपर्यंत आहे.

दोघांचा तिथला खर्च असा धरा: खोली ४५० डॉलर, खाणं माणशी दिवसाला ३० प्रमाणे २४०, मेट्रो साधारण ५५. म्हणजे साडेसातशे डॉलरच्या आत, डॉलर सत्तर रुपयांना धरला तर बावन्न हजारांच्या आसपास. विमान आणि व्हिसा वेगळा.

मुंबईहून विमान साडेपाच तासांचं. बरीच विमानं रात्री निघून सकाळी पोहोचतात, खोली मात्र दुपारी दोन-तीननंतर मिळते. बॅग हॉटेलवर ठेवून थेट नाश्त्याला जा. रात्रीचं विमान असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून दिवसभर ताटकळण्यापेक्षा सकाळी पेठ नाक्यावरून निघा. गाडी आठ-नऊ तास धरा आणि वर तीन तास खंबाटकी आणि मुंबईच्या वाहतुकीला राखून ठेवा.

व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत होतो. फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचा आकार वेगळा. पासपोर्ट सहा महिने वैध हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, ताजा. अर्ज अडकतात ते बहुधा फोटोवरून. पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते मोफत आहे, पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही.

पिशवीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, अफूच्या बिया म्हणून अमली पदार्थांच्या कायद्याखाली. दिवाळीच्या तोंडावर नातेवाइकांसाठी अनारसे नेणार असाल तर नेऊ नका. करंजीच्या सारणात खसखस असेल तर तीही नाही. घरचा कांदा-लसूण मसाला बहुतेक वेळा खसखस भाजूनच केलेला असतो, तोही घरी ठेवा. भडंग आणि बेदाणे खुशाल न्या. च्युइंग गम, खायचा तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट यांतलं काहीही खिशात विसरू नका. खिसे दोनदा तपासा, कारण चुन्याची डबी बहुधा तिसऱ्या खिशात असते. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

परत येताना चॉकलेटं आणण्यापेक्षा टेक्काच्या बाजारातून किंवा कुठल्याही सुपरमार्केटमधून गुला मलाका आणा. नारळाच्या माडाच्या रसाचा हा गडद गूळ लहान दंडगोल करून विकतात. दोन-तीन डॉलरला पाकीट. खमंग, किंचित धुरकट वास येईल तो घ्या, नुसताच गोड लागेल त्यात साखर मिसळलेली असते, पाकिटावरची घटकांची यादी वाचली की कळतं. ओल्या नारळाच्या करंजीला निम्मा आपला गूळ आणि निम्मा हा घ्या. हा लवकर वितळतो आणि सारण पातळ करतो, म्हणून नारळ आधी कोरडा परतून मग गूळ घालायचा.